एक, सात, तीन, नऊ, दोन

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली पाच पत्रं एकाच विषयाची निघाली: चिनी आकडे. मला मनापासून आनंद झाला. गेली सोळा वर्षं मी चिनीतून मराठी आणि इंग्रजीत भाषांतर करते. त्यात कथा-कविता थोड्या, यंत्रांच्या माहितीपुस्तिकाच जास्त, त्यामुळे आकड्यांशी रोजची गाठ. म्हणून या खेपेचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे.

आधी दोन गोष्टी सांगते. चिनी चिन्हं इथं छापलेली नाहीत, त्यांचं रूप शब्दांत सांगितलं आहे. आणि युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना संगणकासाठी एकेक क्रमांक देणारी यादी; त्यातले क्रमांक एरवी सोळाच्या पायावर लिहितात. मी ते आपल्या नेहमीच्या दशमानात दिलेत, म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन ताळा करता येईल.

प्रश्न : माझा यंत्रमागाच्या सुट्या भागांचा धंदा आहे. चीनहून एका यंत्राची पुस्तिका दहा तुकड्यांत, दहा फायलींत आली. फायलीचं नाव म्हणजे नुसता चिनी आकडा. मुलीनं पायथन या संगणकाच्या भाषेत चार ओळी लिहून फायली क्रमानं लावल्या, तर क्रम आला १, ७, ३, ९, २, ५, ८, ६, १०, ४. नगांच्या तक्त्यातले चिनी आकडे तिनं पूर्णांकात बदलायला घेतले, तर संगणकानं चूक दाखवली. गंमत म्हणजे मराठी आकडे त्यानं बिनतक्रार घेतले. असं का? — एक वाचक, इचलकरंजी

मुलीच्या प्रोग्राममध्ये चूक नाही, हे तिला आधी सांगा. मी पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा माझीही हीच यादी आली होती. ती मी तेव्हा वहीत उतरवून घेतली, आणि आता तोंडपाठ आहे.

संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, एकचा २४०७, दोनचा २४०८, असं करत नऊचा २४१५. दहाही अंक एका ओळीत, शेजारी शेजारी. समोर आलेल्या अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की त्याची किंमत मिळते. युनिकोडनं यांना ‘दशमान अंक’ या वर्गात घातलंय. म्हणून पायथनला देवनागरीत १२३ दिलेत तरी तो ते एकशे तेवीस म्हणून घेतो.

आता चिनी आकड्यांचे क्रमांक बघा. एक १९९६८, दोन २०१०८, तीन १९९७७, चार २२२३५, पाच २०११६, सहा २०८४५, सात १९९७१, आठ २०८४३, नऊ २००६१, दहा २१३१३. हे लहानापासून मोठ्यापर्यंत लावून बघा. तुमच्या फायलींचाच क्रम येईल.

ते असे विखुरले कसे, हे कळायला तीनशे वर्षं मागं जावं लागतं. खांगशी सम्राटाच्या आज्ञेवरून तयार झालेला मोठा चिनी शब्दकोश १७१६ मध्ये पुरा झाला. चिनीला आपल्यासारखी बाराखडी नाही, मग शब्द लावायचे कसे? त्या कोशानं प्रत्येक अक्षर २१४ मूलघटकांपैकी एकाखाली ठेवलं, आणि त्या घटकाखाली उरलेल्या रेघा मोजून क्रम लावला. युनिकोडनं चीन, जपान, कोरियाची अक्षरं एकत्र करून तक्ता मांडला तेव्हा हीच शिस्त घेतली. १९९२ साली त्या तक्त्यात २०,९०२ अक्षरं होती.

हे समोर ठेवलं की तुमच्या यादीतला एकेक आकडा आपण होऊन जागेवर बसतो. चिनी ‘एक’ म्हणजे एक आडवी रेघ. तीच रेघ मूलघटक क्रमांक एक, म्हणून ‘एक’ सगळ्या तक्त्यात पहिला. ‘सात’ म्हणजे त्या रेघेला छेदणारा एक फटकारा, म्हणजे रेघ अधिक एक. ‘तीन’ म्हणजे रेघ अधिक दोन. झाले की एक, सात, तीन! ‘नऊ’ पाचव्या घटकाखाली जातो. ‘दोन’ स्वतःच सातवा घटक, आणि ‘पाच’च्या पोटात वर-खाली दोन आडव्या रेघा असल्यामुळे तो ‘दोन’च्या घरात राहतो. ‘आठ’ बारावा घटक. ‘सहा’च्या तळाशी आठचे दोन पाय आहेत, म्हणून सहा आठनंतर. ‘दहा’ अधिकच्या खुणेसारखा, चोविसावा घटक. ‘चार’ चौकटीत बसलेला, आणि चौकटीचा नंबर एकतिसावा, म्हणून बिचारा सगळ्यांच्या मागं.

विद्युत्‌ तारांच्या काळातही हाच क्रम होता. १८७०च्या दशकात शांघायमध्ये व्हिग्वीए नावाच्या फ्रेंच जकात अधिकाऱ्यानं चिनी अक्षरांना चार-चार अंकी नंबर देऊन तारेचं कोडपुस्तक केलं. आजही चालणाऱ्या चिनी तारकोडात ‘एक’ आहे ०००१, ‘सात’ ०००३, ‘तीन’ ०००५. कोश तोच, म्हणून रांगही तीच. हाँगकाँगच्या ओळखपत्रावर चिनी नावाखाली अजून हे चार अंकी नंबर छापतात.

युनिकोडच्या आधी मात्र ज्याची त्याची चूल वेगळी. चीनच्या १९८०च्या प्रमाणकात, म्हणजे संगणकासाठी ठरवलेल्या अक्षरांच्या यादीत, नेहमीची अक्षरं उच्चारानुसार लावलेली, त्यामुळे ‘यी’ उच्चाराचा ‘एक’ पन्नासाव्या ओळीत सत्ताविसावा. तैवानच्या ‘बिग फाइव्ह’ नावाच्या यादीत रेघांच्या संख्येनुसार क्रम, तिथं तो पहिला. जपानी प्रमाणकात जपानी उच्चार ‘इची’ धरून सोळाव्या ओळीत शहात्तरावा. जुन्या फायली आल्या तर हे लक्षात असू द्या.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, आणि मला त्यातलाच जास्त महत्त्वाचा वाटतो. संगणक चिनी पाचला पाच का म्हणत नाही? कारण चिनीत तो आधी शब्द आहे. युनिकोडनं त्याला ‘इतर अक्षर’ या वर्गात ठेवलंय, म्हणजे आपल्या ‘क’च्या पंगतीला. आणि ते बरोबरच आहे. सँडविचला चिनीत ‘सान-मिंग-ज्र’ म्हणतात. त्यातला ‘सान’ म्हणजे तीनच्याच त्या तीन रेघा. तीन हा अंक म्हणून वर्गात घातला असता तर पावाच्या तुकड्यांना ३ चिकटला असता. ‘वान-यी’ म्हणजे अक्षरशः ‘दहा हजार-एक’, अर्थ मात्र ‘चुकून तसं झालंच तर’. ‘श्र-फन’ म्हणजे ‘दहा भाग’, अर्थ ‘अगदी, फार’. आपणही ‘तीन तेरा वाजले’ म्हणतो तेव्हा तिथं कुणी बेरीज करत नाही. आणि आपल्याकडं याच्या उलटही आहे. ‘छत्तीसचा आकडा’ अंकातच लिहिला पाहिजे, आणि तोही देवनागरीत. ३ आणि ६ एकमेकांकडं पाठ करून बसतात, तो सगळा अर्थ आकाराचा आहे. रोमन आकड्यांत तो उरत नाही.

पण युनिकोडनं किंमत अगदी टाकून दिलेली नाही. चिनी अक्षरांच्या माहितीचा ‘युनिहान’ नावाचा संग्रह आहे, त्यात या अक्षरांसमोर किंमतही लिहून ठेवलीय. म्हणून पायथनला विचारलं, ‘हा अंक आहे का?’ तर तो नाही म्हणतो. ‘याला संख्येची किंमत आहे का?’ विचारलं तर हो म्हणतो. मुलीला सांगा, ‘युनिकोडडेटा’ हे पायथनसोबतच येणारं मॉड्यूल घे आणि त्यातल्या ‘न्युमेरिक’ला ‘पाच’ दे. ५.० हातात येईल.

एकेका चिन्हापुरतं हे पुरेसं आहे. पूर्ण संख्येला मात्र व्याकरण लागतं, आणि तिथं मराठी माणूस हमखास फसतो. बोलताना चिनी माणूस ‘दोन-शंभर-पाच’ म्हणाला तर आपल्याला वाटतं दोनशे पाच. तो म्हणतोय अडीचशे! शंभरच्या मागून आलेला एकटा पाच हा दशकाचा पाच असतो. दोनशे पाच म्हणायचं तर मध्ये शून्याचा शब्द घालावाच लागतो, ‘दोन-शंभर-शून्य-पाच’. (‘दोन-शंभर-पाच’ ही तिकडं शिवीसुद्धा आहे, मठ्ठ माणसाला देतात, भाव ठरवताना सांभाळून.) शिवाय त्यांची मांडणी चार-चार घरांची. दहा हजारांचा एक ‘वान’, आपला लाख म्हणजे दहा वान, कोटी म्हणजे हजार वान, आणि दहा कोटींचा एक ‘यी’. लाख-कोटीत वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. मला दोन वर्षं लागली.

तुमच्या दहा फायलींसाठी दहा जोड्यांची यादी हातानं करून द्या, पाच मिनिटांचं काम. नगांच्या तक्त्यात मात्र शंभर-हजारचे शब्द असतील, तर आलेली प्रत्येक संख्या एकदा मूळ कागदाशी लावून बघा. बोल्ट शंभरांनी मागवायचे असतात.

प्रश्न : मी पुण्यात चिनी शिकतो. सरांनी शून्य दोन प्रकारे शिकवलं, एक अवघड अक्षर आणि एक साधा गोल. संगणकावर मला तीन वेगळे गोल सापडले. कोणता खरा? — एक विद्यार्थी

छान प्रश्न आहे. यातल्या गोलापायी माझी एक चूक झाली होती, ती पुढं सांगते.

अवघड अक्षर म्हणजे ‘लिंग’. वर पावसाचा घटक, खाली पाच फटकाऱ्यांचं अक्षर. क्रमांक ३८६४६. नग, पैसे, वजन यांच्या संख्येत शून्याचा शब्द लागतो तिथं हे. साधा गोल वर्ष, खोली, क्रमांक अशा अंक-अंक वाचायच्या ठिकाणी. चीनच्या २०११च्या राष्ट्रीय प्रमाणकातही हाच भेद केलाय: मोजायचं असेल तर पावसाचं अक्षर, क्रमांक लावायचा असेल तर गोल.

आता गोलाकडं या. खरा गोल १२२९५ क्रमांकाचा. तो मोठ्या तक्त्यात नाही, विरामचिन्हांच्या शेजारी वेगळ्या गटात आहे. दुसरा गोल ९६७५ क्रमांकाचा, ही भूमितीतली पोकळ वर्तुळाची खूण, तिला कुठलीही किंमत नाही. तुम्हाला दिसलेला तिसरा बहुधा त्याच वर्तुळाचा मोठा भाऊ. डोळ्यांना तिघं सारखे. पण संगणकाला पहिल्याची किंमत विचारली तर शून्य सांगतो, बाकीच्यांची विचारली तर चूक दाखवतो.

लोकांनी भूमितीतला गोल का वापरला? चीनच्या १९८०च्या प्रमाणकात शून्याचा गोल घातलाच नव्हता. ६,७६३ अक्षरं घातली आणि हा राहिला. पुढच्या विस्तारात तो आला, पण तोवर लोकांनी हाताशी होतं ते वर्तुळ वापरून वर्षं लिहायला सुरुवात केली होती. जुन्या फायलींत ते अजून भेटतं.

माझी चूक अशी. एक वापरलेलं दाबयंत्र विकत घ्यायचं चाललं होतं, त्याचे कागद माझ्याकडं भाषांतराला आले. स्कॅनमधून काढलेल्या मजकुरात फार कचरा असतो, म्हणून मी एक चाळणी लिहिली होती: क्रमांक १९९६८ ते ४०८६९ यांमधली अक्षरं ठेवायची, बाकीची टाकायची. ‘सगळी चिनी अक्षरं’ म्हणून हीच चौकट चिनी प्रोग्रामर वर्षानुवर्षं वापरत आलेत, मीही तिथूनच उचलली. कागदात उत्पादनाचं वर्ष अंक-अंक लिहिलं होतं, दोन-शून्य-शून्य-तीन. माझ्या चाळणीतून दोन्ही गोल खाली पडले. उरलं दोन-तीन. मी तक्त्यात ‘वर्ष २३’ लिहिलं, आणि वाचणाऱ्यानं २०२३ समजून घेतलं. वीस वर्षं जुनं यंत्र नवंकोरं झालं!

सौदा व्हायच्या आधी त्यांच्या फिटरनं यंत्रावरची पाटी वाचली म्हणून निभावलं. मी त्यांच्याकडं स्वतः गेले, चूक कशी झाली ते कागदावर काढून दाखवलं आणि त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. त्या फिटरचे मी आजही आभार मानते. तेव्हापासून चाळणीत १२२९५ वेगळा लिहिलेला असतो, आणि ९६७५ दिसला की प्रोग्राम थांबून मला विचारतो. त्याचं तो बदलत नाही.

तुम्ही शिकताय, तर आत्ताच सवय लावा. पिनयिननं, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहून, ‘लिंग’ टाइप केलंत की पर्यायांत पावसाचं अक्षरही येतं आणि गोलही. तो गोल तिथूनच घ्या, चिन्हांच्या पेटीतून शोधून लावू नका.

प्रश्न : कोरियन कागदपत्रांत ‘सहा’ शोधला तर काही ठिकाणी सापडतो, काही ठिकाणी नाही. डोळ्यांना अक्षर तेच दिसतं. — एक वाचक, बेंगळुरू

कारण तिथं सहा खरोखरच दोन आहेत. कोरियाच्या १९८७च्या प्रमाणकात चिनी अक्षरं कोरियन उच्चारानुसार लावली होती. सहाला शब्दातल्या जागेप्रमाणं ‘र्‍युक’ आणि ‘युक’ असे दोन उच्चार, म्हणून ते अक्षर दोनदा घातलं गेलं. जुन्या फायली युनिकोडमध्ये आणून पुन्हा जशाच्या तशा परत नेता याव्यात, म्हणून युनिकोडनं दुसऱ्या सहालाही जागा दिली. एक २०८४५, दुसरा ६३९५३. उपाय सोपा आहे: शोधण्याआधी मजकुराचं ‘नॉर्मलायझेशन’ करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकाच क्रमांकावर आणा. कुठल्याही प्रकारचं केलं तरी दुसरा सहा पहिल्यात मिसळतो. मूळ फायल मात्र जपून ठेवा.

प्रश्न : मी नोटा जमवतो. एक युआनच्या नोटेवर ‘एक’साठी एक आडवी रेघ असायला हवी ना? तिथं तर भलतंच गुंतागुंतीचं अक्षर आहे. वीसच्या चिनी नोटेवरचा ‘दोन’ आणि तैवानच्या दोनशेच्या नोटेवरचा ‘दोन’ हेही मला वेगळे वाटतात. — एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

तुम्ही बँकेत होतात, म्हणजे हे उत्तर तुम्हाला चटकन पटेल. एक आडवी रेघ असलेल्या धनादेशावर कुणी आणखी एक रेघ ओढली की दोन, दोन ओढल्या की तीन. आडव्या रेघेला उभ्या रेघेनं छेद दिला की दहा. एवढे सोपे आकडे पैशांच्या कागदावर ठेवायचे कसे? म्हणून चिनी लोकांनी त्याच उच्चाराची, भरपूर रेघांची अक्षरं पैशांसाठी नेमली. त्यांना ‘मोठी लिपी’ म्हणतात. आपण ‘अक्षरी रुपये’ लिहितो, त्याच काळजीतून हे आलंय. आपल्याकडं शेवटी ‘फक्त’ लिहितात ना? तिकडं शेवटी ‘चंग’ लिहितात, म्हणजे पुरे, पूर्ण.

चीनमध्ये धनादेशाची तारीखसुद्धा याच मोठ्या आकड्यांत लिहावी लागते. आणि नियम किती बारकाईनं केलाय बघा: जानेवारी, फेब्रुवारी आणि ऑक्टोबर, म्हणजे पहिला, दुसरा आणि दहावा महिना लिहिताना पुढं शून्य घालायचं. नाहीतर पहिल्याच्या आधी कुणी दहा लिहिलं तर अकरावा होईल, आणि दहाव्याला मागं एक जोडला तरी अकरावाच. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा तो करणाऱ्या माणसाला नमस्कार करावासा वाटला. एखाद्या काउंटरवर कधीतरी हे घडलं असणार, त्याशिवाय असं सुचत नाही.

संगणकात या मोठ्या आकड्यांना वेगळी अक्षरं म्हणूनच जागा आहे. मोठा ‘एक’ २२७७७ क्रमांकावर, त्याचा आडव्या रेघेशी काही संबंध नाही. युनिहानमध्ये यांच्या किमतीसाठी वेगळा रकाना आहे, ‘हिशेबी किंमत’ म्हणून. तो वेगळा ठेवण्यात शहाणपण आहे, कारण यातली बरीच अक्षरं एरवी दुसऱ्याच अर्थानं वावरतात. मोठा ‘सहा’ म्हणजे जमीन, आणि ते आडनावही आहे. मोठा ‘दहा’ म्हणजे उचलून घेणं. मोठा ‘पाच’ही आडनाव. त्यामुळे नावांच्या यादीत दिसलेल्या प्रत्येक ‘सहा’ला ६ करत सुटलात तर माणसांची नावं बिघडतील.

आता तुमच्या दोन नोटा. तुमची नजर अगदी पक्की आहे, दोन्ही ‘दोन’ खरंच वेगळे आहेत. चीननं अक्षरं सोपी केली तेव्हा मोठ्या ‘दोन’चंही सोपं रूप झालं, तैवाननं जुनं रूप ठेवलं. युनिकोड एकाच रूपाचं अक्षर देशादेशांसाठी वेगळं धरत नाही, पण सोपं रूप आणि जुनं रूप ही मात्र दोन अक्षरं. चिनी नोटेवरचा ३६१४४, तैवानच्या नोटेवरचा ३६०१९. किंमत दोघांची दोनच. तुम्ही संग्रहाची यादी संगणकावर करत असाल तर नोटेवर जो आहे तोच लिहा. एकाच्या जागी दुसरा लिहिलात की नोट कुठली ते कळणार नाही.

प्रश्न : मी हाँगकाँगला नोकरीसाठी आलो आहे. शेंग वान भागात वाळवलेल्या मासळीच्या एका जुन्या दुकानात भावाच्या पाटीवर वरच्या ओळीत फुलीसारखी खूण आणि तिच्यापुढं तीन उभ्या रेघा दिसल्या. खालच्या ओळीत अधिकची खूण आणि एक चिनी अक्षर. हे कुठले आकडे? संगणकावर लिहिता येतात का? — एक मराठी वाचक

तुम्ही फार मोलाची गोष्ट पाहिली. हे सुजौचे आकडे, व्यापाऱ्यांची हिशेबी लिपी. पूर्वी चीनभर दुकानांत चालायची. आता हाँगकाँगच्या जुन्या बाजारात, औषधी पाल्याच्या दुकानांत कुठंकुठं उरलीय. हिचं मूळ हिशेबाच्या काड्यांत आहे. चिनी लोक पाटावर काड्या मांडून गणित करत: एक काडी म्हणजे एक, आणि सहापासून पुढं वरची एक आडवी-उभी काडी पाचाची. सुजौच्या सहा, सात, आठमध्ये ती पाचाची काडी अजून वर उभी आहे, आणि तिच्याखाली एक, दोन, तीन आडव्या रेघा. मोजून बघा, बरोबर सहा, सात, आठ होतात. काड्यांच्या आकड्यांनाही युनिकोडनं २००६ साली जागा दिली.

सुजौचे एक ते नऊ युनिकोडमध्ये १२३२१ ते १२३२९ या क्रमांकांवर ओळीनं आहेत. मागाहून, १९९९ साली, दहा, वीस आणि तीसची चिन्हं आली, १२३४४ ते १२३४६. म्हणजे वीसचा क्रमांक नेमका १२३४५. लक्षात ठेवायला सोपा.

यात एक गोष्ट मला खटकते. युनिकोडमध्ये या चिन्हांचं अधिकृत नाव ‘हांगजौ आकडे’ असं पडलंय. हांगजौ वेगळं शहर, ज-ज्यांग प्रांताची राजधानी. सुजौ ज्यांग-सू प्रांतात. नाव चुकलं हे युनिकोडनं पुढं लेखी मान्य केलंय. पण एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही असा त्यांचा पक्का नियम आहे, कारण जगभरचे प्रोग्राम त्या नावावर विसंबून असू शकतात. नियमाचं कारण मला समजतं. तरी कोल्हापुरी चपलेवर जन्मभर सोलापूरचा शिक्का राहावा असं ते आहे, आणि सुजौच्या माणसाला ते लागत असणार. निदान आपण बोलताना सुजौच म्हणूया. चिन्ह शोधताना मात्र ‘हांगजौ’ टाका, नाहीतर सापडणार नाही.

लिहिताना एक खुबी सांभाळा. एक, दोन, तीन या उभ्या रेघा. बारा लिहायचे तर एक रेघ आणि शेजारी दोन रेघा, म्हणजे तीन रेघा; वाचणारा तीन वाचेल. म्हणून असे आकडे शेजारी आले की एक उभा, पुढचा आडवा, पुन्हा उभा. आणि आडव्यासाठी वेगळं चिन्ह नाही, नेहमीचे चिनी एक, दोन, तीनच घ्यायचे. म्हणजे एकशे तेवीस लिहिताना संगणकात १२३२१, मग २०१०८, मग १२३२३. शून्य लागला तर तो वर सांगितलेला १२२९५ चा गोल. एकाच भावात तीन ठिकाणची चिन्हं! कुणी तो मजकूर ‘साफ’ करायला चाळणी लावली तर मधला आडवा दोन तेवढा शिल्लक राहील, आणि एकशे तेवीसची वस्तू दोनला जाईल.

आता तुमची पाटी वाचूया. फुली म्हणजे चार. तीन उभ्या रेघा म्हणजे तीन. खालच्या ओळीत पहिल्या आकड्याचं घर आणि चलन लिहायची पद्धत आहे. अधिकची खूण म्हणजे चिनी दहा, म्हणून चार दशकाच्या घरात. शेजारचं अक्षर बहुधा ‘युआन’, तिकडं त्याचा अर्थ डॉलर: वर छोटी आडवी रेघ, खाली मोठी, आणि तिच्याखाली दोन पाय, त्यातला उजवा वर वळलेला. तसंच असेल तर भाव त्रेचाळीस डॉलर. पुन्हा गेलात तर दुकानदाराची परवानगी घेऊन पाटीचा फोटो काढा आणि आम्हाला पाठवा.